तंबोऱ्यामागून ऐकलेले आवाज

गायक भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. चारच वर्षांनी, १९२६ मध्ये, कल्याणात गायन समाज उभा राहिला आणि पुढे त्याच्या उत्सवाला बुवांचेच बिरुद लाभले: देवगंधर्व महोत्सव.

बुवांच्या मागे बसून गळ्याने साथ करणाऱ्यांत शिष्य मास्टर कृष्णराव होते. मागे बसणे म्हणजे केवळ तंबोरा छेडणे नव्हे. गायक श्वास घेतो तेव्हा सूर तुटू द्यायचा नाही, खूण मिळताच आलाप पुढे न्यायचा आणि मुख्य आवाज परतला की आपला आवाज लगेच आवरायचा. दम कुठे घेतला, थकलेला गळा तार षड्जाकडे कसा नेला, हे इतक्या जवळून दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही. साथीदाराचा आदर जन्मतो तो इथे, हातभर अंतरावर.

कृष्णरावांकडचे हे धन ठाण्यात आले राम मराठे यांच्यामुळे. ‘गोपालकृष्ण’ (१९३८) आणि ‘माणूस’ (१९३९) या प्रभातच्या चित्रपटांचे संगीत मास्तरांचे, आणि दोन्हींत छोटा राम होता. पुढे तो त्यांचा शिष्य झाला. ‘मंदारमाला’ नाटकातली राम मराठे आणि प्रसाद सावकारांची जुगलबंदी ऐकलेले रसिक आजही तिच्याविषयी भरभरून बोलतात. डोंबिवलीत गजाननबुवा जोशी राहत. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तिन्ही गायकी त्यांनी पचवल्या होत्या, शिवाय व्हायोलिनही तितकेच समर्थ. गायक उल्हास कशाळकर हे मराठे आणि गजाननबुवा या दोघांचेही शिष्य. एका लोहमार्गावरच्या दोन गावांनी एका गळ्याला एवढे द्यावे, ही या भागाची खरी श्रीमंती.

महाराष्ट्राने ऐकलेल्या थोर आवाजांमागेही असेच गळे होते. क्षयाने कुमार गंधर्वांचे एक फुप्फुस निकामी केले. १९६२ मध्ये त्यांच्याशी विवाह झाल्यावर वसुंधरा कोमकली यांनी त्यांना दीर्घकाळ स्वरसाथ केली. किशोरी आमोणकर आई मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तंबोरा घेऊन बसत. दौऱ्यांवर आईच्या वाट्याला आलेली उपेक्षा त्या कधी विसरल्या नाहीत. कलावंताच्या मानाबद्दल त्या पुढे इतक्या कठोर राहिल्या, त्याचे मूळ तिथेच आहे. भीमसेन जोशींच्या मागे माधव गुडी आणि श्रीकांत देशपांडे बसत. आनंद भाटे यांनीही साथ केली आणि ‘बालगंधर्व’ (२०११) चित्रपटात त्यांचाच स्वर गाजला.

सगळेच असे पुढे येत नाहीत. कित्येकांचे आयुष्य मागच्या बैठकीवरच जाते, आणि ते कमी मोलाचे मुळीच नाही.

१९७८ मध्ये ठाण्यात गडकरी रंगायतन सुरू झाले आणि मोठ्या मैफली घराजवळ आल्या. राम मराठे यांच्या स्मृतीचा संगीत समारोहही ठाणे महापालिका भरवते. मात्र मैफलींच्या जाहिरातीत तबला आणि संवादिनीची नावे ठळक असतात, स्वरसाथीचे नाव अनेकदा गळते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आयोजकांनी ते नाव त्याच ओळीत, त्याच अक्षरांत छापावे. आणि रसिकांनी पुढच्या मैफलीत मागचा गळाही कान देऊन ऐकावा.