टूथपेस्टच्या खोक्यांतील हत्ती

लहानपणीं ऐकलेली किंवा पाहिलेली जाहिरात मनुष्याच्या स्मरणांत इतकी घट्ट कां बसते, आणि तिच्याबरोबर एखादें खेळणेंहि कां आठवतें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु पाढे विसरलेला मनुष्य पन्नास वर्षांपूर्वींच्या साबणाच्या जाहिरातीची चाल बिनचूक गुणगुणतो, हें आपण घरोघर पाहतों. तेव्हां त्याचा थोडा विचार करण्यास हरकत नसावी.

आमच्या पिढीच्या कानांवर जाहिरात प्रथम पडली ती नभोवाणीवरून, आणि तीहि परक्या देशांतून. त्याचें कारण मौजेचें आहे. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रांत माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे शास्त्रोक्त संगीताचे कैवारी. त्यांच्या धोरणामुळें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ हद्दपार झालीं. श्रोता मात्र हद्दपार होण्यास तयार नव्हता. त्यानें कांटा फिरवून रेडिओ सिलोन लावलें. तेथें त्याच वर्षीं ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि दर बुधवारीं रात्रीं आठ वाजतां अमीन सयानी यांचा आवाज देशभर ऐकूं येऊं लागला. म्हणजे मंत्रिमहाशयांनीं गाणें बंद केलें आणि भाग्य उजळलें तें जाहिरातदाराचें! पुढें १९५७ मध्यें विविध भारती निघाली. तिच्या मुंबई, पुणें व नागपूर येथील केंद्रांवर १ नोव्हेंबर १९६७ पासून जाहिराती लागूं लागल्या. तेव्हां कोठें आपल्या नभोवाणीनें ही वाट धरली.

बिनाका हें दांत घासण्याच्या पेस्टचें नांव. त्या काळीं तिच्या खोक्यांत प्लॅस्टिकचा एक चिमुकला प्राणी निघत असे; कधीं हत्ती, कधीं दुसरें कांहीं. कोणतें जनावर निघेल हें खोकें उघडल्यावांचून कळत नसे, आणि सारी जादू या न कळण्यांत होती. हत्ती दोनदां निघाला कीं अदलाबदलीसाठीं दुसरा मुलगा शोधावा लागे, आणि त्याच्याहि घरीं तीच पेस्ट असावी लागे. जाहिरात ऐके बाप, पण बापापाशीं हट्ट धरून विक्री पुरी करी तो मुलगा. ज्यांच्या घरीं राखुंडीनेंच दांत घासले जात, त्यांच्या वाट्याला यांतलें कांहींच येत नसे, आणि वर्गांतलीं मुलें हा भेद फार लवकर ओळखीत. खेळणें फुकट मिळतें अशीच सर्वांची समजूत. त्याचें मोल पेस्टच्या किंमतींतच धरलेलें असतें हें अर्थशास्त्र त्या वयांत कोण सांगणार?

सावंतवाडीचीं रंगीत लाकडी फळें, जत्रेंतली भिंगरी, भोवरा, लाकडाची ठकी यांचीहि जाहिरात पूर्वीं होतीच, पण ती विकणाऱ्याच्या गळ्यांत. तो गांव सोडून गेला कीं ती संपे.

दूरचित्रवाणीची गोष्ट निराळी. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, जाहिराती १ जानेवारी १९७६ पासून आल्या, १९८२ सालीं चित्रांत रंग भरले, आणि १९८४ च्या सुमारास ठिकठिकाणीं लहान प्रक्षेपक बसल्यावर लहान गांवांतहि हें यंत्र पोंचलें. आळींत एक संच, त्यावर एकच वाहिनी, आणि समोर दाटीवाटीनें बसलेलीं वीस माणसें. जाहिरात टाळण्याची सोयच नव्हती. तीच ती जाहिरात महिनोन् महिने त्याच वेळीं, त्याच चालीवर लागे, आणि सर्व मिळून ती ऐकत. आवृत्ति, ताल आणि संगत! वेदपाठशाळेंत पाठांतर झालें तें याहून वेगळ्या साधनांनीं झालें नाहीं. रसनाच्या एका पुडींत बत्तीस पेले सरबत होतें हें माझ्या विद्यार्थ्यांना बत्तिसाच्या पाढ्याआधीं ठाऊक असे. ‘सर्फ’ची ललिताजी तर शाळेच्या स्नेहसंमेलनांत दरवर्षीं अवतरे. अलिक पदमसी यांनीं योजिलेली आणि कविता चौधरी यांनीं वठविलेली ही चोखंदळ गृहिणी वस्तुतः निरमा या स्वस्त पावडरीला दिलेलें उत्तर होती. त्या व्यापारी युद्धाची मुलींना गंधवार्ताहि नव्हती. त्या फक्त कमरेवर हात ठेवून तिच्यासारखें बोलत.

खरा पालट पुढें झाला. आधीं खेळणें पेस्ट खपवीत होतें. आतां गोष्ट खेळणें खपवूं लागली. अमेरिकेंत ‘ही-मॅन’च्या बाहुल्या १९८२ सालीं बाजारांत आल्या आणि त्यांचें चित्रपट-मालिकेंतलें चरित्र १९८३ सालीं, मागाहून! आपल्याकडे १९८७ सालीं फनस्कूल कंपनी निघाली व ‘जी. आय. जो’ नांवाचे शिपाई दुकानांत दिसूं लागले. प्रत्येकाचें नांव, शस्त्र आणि पूर्वचरित्र वेष्टनावर छापलेलें. दिवाळींतल्या किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्याला नांव मूल ठेवी आणि त्याचा पराक्रमहि तेंच रची. मला स्वतःला मातीचा मावळा अधिक श्रीमंत वाटतो, मग त्याची मान दुसऱ्याच दिवशीं तुटो.

आज जाहिरात मोबाइलवरून मुलाला एकटीच गांठते. जुन्या काळीं ती ऐकणाऱ्या वीस जणांत एखादी आजी असे, आणि ‘ह्यांत कांहीं राम नाहीं’ असें ती तेथल्या तेथें सांगून टाकी. मोबाइलपाशीं ती बसलेली नसते. जून २०२२ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं, त्यांत मुलांचा स्वतंत्र विचार आहे. ‘आईबापांकडून ही वस्तु घेववा’ असें जाहिरातीनें मुलांस थेट सांगूं नये. वस्तु नसेल तर मूल कमी प्रतीचें, असें भासवूं नये. गरज नसतां खरेदी करावी म्हणून भेटवस्तूचें आमिष दाखवूं नये. ही शेवटची अट वाचतांना तो प्लॅस्टिकचा हत्ती डोळ्यांपुढें उभा राहिला. त्याला या नियमांखालीं खोक्यांत बसूं दिलें असतें असें मला वाटत नाहीं.