पाव किलो तांदळातला खडा

सकाळी उपाशीपोटी बोटाला सुई टोचतो, तेव्हा ग्लुकोमीटरच्या पट्टीला जेमतेम अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं. आकडा 90 आला की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. 90 म्हणजे दर डेसीलिटरला 90 मिलिग्रॅम ग्लुकोज. मोठ्या माणसाच्या अंगातल्या सुमारे 5 लिटर रक्तात मिळून साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर. पट्टीवरच्या त्या टिपक्यात मात्र ग्लुकोजचे रेणू असतात 15 लाख अब्ज. पंधरावर चौदा शून्यं.

इतके रेणू असताना त्यांतला एखादा पकडणं सोपं असेल, असं वाटतं. पण खरी गर्दी पाण्याची आहे. शुगर 90 असताना ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे 11 हजार रेणू असतात. तांदळाचा दाणा साधारण 20 मिलिग्रॅमचा धरला, तर पाव किलोत इतकेच दाणे भरतात. म्हणजे पाव किलो तांदूळ ताटात घेऊन त्यातला एकच खडा निवडायचा, आणि खडाही दाण्यासारखाच पांढरा. कारण ग्लुकोजच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या पाच जोड्या असतात आणि पाणी तर त्याच जोडीचं बनलेलं. रेणूला पकडायला हात पुढे केला की आधी पाणीच हातात येतं.

त्यात भावंडांचा घोळ. ग्लुकोजच्या घडणीत चार जागा अशा आहेत, की तिथले गट दोनपैकी एका बाजूला बसू शकतात. दोन गुणिले दोन गुणिले दोन गुणिले दोन केलं की 16 साखरा होतात, सगळ्यांचं सूत्र एकच. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांच्यात फरक फक्त एका जोडीच्या दिशेचा. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी 1894 मध्ये कुलूप-किल्लीची उपमा दिली ती नेमका रेणू ओळखणाऱ्या विकरांसाठी. शरीरातली प्रथिनं हजारो अणू वापरून असं कुलूप घडवतात. रसायनशास्त्रज्ञाला तेच काम एका लहानशा कृत्रिम रेणूकडून, म्हणजे सिंथेटिक रिसेप्टरकडून, करून घ्यायचं असतं.

ब्रिस्टल विद्यापीठातले अँथनी डेव्हिस या एकाच प्रश्नामागे कित्येक वर्षं लागले होते. त्यांनी बारकाईने पाहिलं ते ग्लुकोजच्या आकाराकडे. त्याच्या बीटा रूपात पाण्याशी सलगी करणारे सगळे गट कडेला पसरलेले असतात. वरची आणि खालची बाजू मात्र पाण्याला फारशी न मानवणारी. पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजपैकी सुमारे 64 टक्के याच रूपात असतं. म्हणून त्यांनी एक मंडप रचला. छप्पर आणि फरशी पाण्यापासून दूर राहणाऱ्या कार्बनी कड्यांची, मध्ये तीन खांब, आणि खांबांत मिळून सहा युरिया गट, जे ग्लुकोजच्या कडेला हायड्रोजन बंधांनी धरतात. मला यात सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की मंडपाची प्रत्येक बाजू पाहुण्याच्या त्या त्या बाजूला ओळखूनच बांधली आहे.

2019 मध्ये त्यांच्या गटाने या रेणूचा आकडा प्रसिद्ध केला: बंधनाचा स्थिरांक 18 हजार. कोरडाच वाटतो, म्हणून जरा उलगडून पाहू. डेसीलिटरला 90 नव्हे, अवघं 1 मिलिग्रॅम ग्लुकोज उरलं, तरी निम्मे मंडप भरलेले राहतात. तेव्हा ग्लुकोजच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे 10 लाख रेणू असतात. तांदळाच्या हिशेबात वीस किलोच्या पोत्यातला एक खडा! शिवाय इतर बहुतेक साखरांपेक्षा ग्लुकोजकडे ओढ सुमारे शंभर पट.

अशा रेणूची गरज का, ते मधुमेहींकडे पाहिलं की कळतं. भारतात 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून 2023 मध्ये पुढे आला. त्यांतले जे इन्सुलिन घेतात, त्यांना वाढलेल्या शुगरइतकीच अचानक उतरलेल्या शुगरची धास्ती असते. घाम फुटतो, हात थरथरतात, रात्री झोपेत काही कळतही नाही. इन्सुलिन एकदा टोचलं की रक्तात साखर किती उरली आहे हे त्याला ठाऊक नसतं.

2024 मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं एनएनसी2215 हे इन्सुलिन नेमकं त्यासाठी घडवलेलं आहे. त्याच्या एका टोकाला त्या मंडपासारखंच ग्लुकोज धरणारं कृत्रिम कडं जोडलंय, दुसरीकडे ग्लुकोजसारखाच एक तुकडा. साखर कमी असली की कडं स्वतःच्याच तुकड्याला धरून बसतं आणि इन्सुलिन मिटून मंद पडतं. साखर वाढली की रक्तातलं ग्लुकोज त्या तुकड्याला हुसकून कड्यात शिरतं आणि इन्सुलिन उघडतं. ग्लुकोजचं प्रमाण साधारण 54 वरून 360 वर नेलं, की पेशीवरच्या इन्सुलिन-रिसेप्टरशी त्याची जवळीक 3.2 पट होते. अब्जांच्या हिशेबानंतर 3.2 हा आकडा किरकोळ वाटेल. पण उंदरांवर आणि डुकरांवर केलेल्या प्रयोगांत तेवढ्यानेही उतरत्या शुगरपासून संरक्षण मिळालं.