कपाशीतील परभक्षी मित्रकीटक आणि कीटकनाशके

ढालकिडा आणि क्रायसोपाची अळी हे कपाशीतील प्रमुख परभक्षी कीटक मावा व पांढऱ्या माशीची पिल्ले खाऊन त्यांचे नियंत्रण करतात. सायपरमेथ्रीनसारखी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके मात्र या परभक्षींनाही मारतात. पांढरी माशी पानांच्या खालच्या बाजूस राहत असल्याने बऱ्याच अंशी बचावते आणि शत्रू न उरल्याने झपाट्याने वाढते. परभक्षींची संख्या पूर्ववत होण्यास तुलनेने अधिक काळ लागतो.

म्हणून पिकाच्या सुरुवातीच्या काळात पायरेथ्रॉइडची फवारणी टाळावी. प्रति पान सरासरी १० मावा किंवा पांढऱ्या माशीचे ८ ते १० प्रौढ आढळल्यासच उपाय योजावेत. प्रथम ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. तो परभक्षींना तुलनेने सुरक्षित आहे. पाहणी करताना किडींबरोबरच मित्रकीटकही मोजावेत.