उठावाच्या फळीचे पाते

ब्राह्मणपुरीच्या सुतारबंधूंनो, सागाच्या दारात मधली फळी उठावाची दिसते, ती कडा उतरत्या केल्यामुळे. पूर्वी हे काम रंध्याने होई. आता राऊटर यंत्रही मिळते. त्याचे पाते मात्र पारखून घ्यावे.

आडवे पाते सुमारे ३ इंच रुंद असते. त्याचा दांडा अर्धा इंची घ्या. पाव इंची मोडू शकतो. यंत्र टेबलाखाली पक्के बसवा. मिनिटाला सुमारे १०,००० फेरे पुरेत. वेग कमी करायची सोय नसेल, तर हे पाते घेऊच नका. पैसा पुन्हा मिळतो, गेलेलं बोट मिळत नाही.

थोडे थोडे कापा. आधी रेषांना आडव्या कडा, मग उभ्या. फळी खोबणीत सैल बसवा, सरस लावू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं. त्याला जागा हवी, नाहीतर चौकट उकलते, असे आम्ही सांगतो.