आवर्तन कधी सोडायचं?

सातारा-सांगलीकडे मुलाचा बायोडाटा फिरायला लागला की फोटोतल्या कपाळाची चर्चा घरात सुरू होते. आधीच स्थळं मिळेनात, त्यात पंचविशीतच केस मागे सरकलेले. मग तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा म्हणून दिवाळीआधी पुण्याला किंवा कोल्हापूरला जाऊन हेअर ट्रान्सप्लांट उरकायचा बेत ठरतो. हा बेत दिवस मोजले तरी फसतो. रोवलेले केस बहुधा दोन ते आठ आठवड्यांत गळतात, नवे तीन-चार महिन्यांनी डोकावतात आणि खरं रूप यायला वर्ष लागतं. अक्षता पडताना नवरदेव आधीपेक्षा विरळच दिसायचा. डोक्यावर फेटा असतो म्हणून निभावतं.

पण मोठी चूक मुहूर्ताची नाही, साठ्याची आहे. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस सहसा टिकतात, आणि पुढे रोवले तरी ते मूळ जागेचाच गुण राखतात, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 साली मांडलं. सगळं केसरोपण त्यावर उभं आहे. मात्र तिथून उचललेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. अनेकांच्या या पट्ट्यातून आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्टच (रोवायच्या केसांच्या मुळांच्या जुड्या) सुरक्षितपणे निघतात. टक्कल पूर्ण पसरलं तर उघडी जागा 200 चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. दर चौरस सेंटिमीटरला 40 ग्राफ्ट, म्हणजे नैसर्गिक दाटीच्या जेमतेम निम्मे धरले, तरी आठ हजार लागतात. माण-आटपाडीच्या शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही: धरणात पाणी किती आणि भिजवायचं रान किती, हे पाहिल्याशिवाय पहिलं आवर्तन सोडत नाहीत. तेविशीत तर रान किती पसरणार तेच ठाऊक नसतं. तेव्हा पुढची रेषा खाली ओढून दाट भरली आणि त्या रेषेमागचे मूळचे केस पुढच्या दहा वर्षांत गेले, तर कपाळावर केसांचं एक बेट उरतं, आणि ते जोडायला मागे माल शिल्लक नसतो.

म्हणून थांबावं. यावर कुणी म्हणेल, पन्नाशीत केस येऊन काय करायचे? आक्षेप रास्त आहे, कारण तरुणपणी टक्कल मनाला लागतं. पण थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. टायफॉइड, डेंग्यूनंतरची गळती बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप भरून येते, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान हवं. आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड यांसारखी औषधं अनेकांची गळती रोखतात. फिनास्टेराइडमुळे काहींना लैंगिक तक्रारी होतात, तेव्हा ते मेडिकलमधून परस्पर आणू नये. वर्षभर उपचार करून, त्याच उजेडात फोटो काढून पाहिलं की गळती थांबली की नाही ते कळतं. ती थांबली असेल, वय तिशीपुढे असेल आणि मागचा पट्टा दाट असेल, तर आणखी ताटकळण्यात मलाही अर्थ दिसत नाही. ऑपरेशन कोण करणार, हे मात्र तेव्हाही विचारायचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही. शिवाय ‘किती ग्राफ्ट बसवाल?’ याआधी ‘मागे किती राहतील?’ असं विचारावं, आणि भोवऱ्याची जागा शक्यतो पुढच्या खेपेसाठी ठेवावी.