खेळांचे दुकान आणि त्याचे गिऱ्हाईक

दुकानात जाऊन एखादी वस्तू आणणे ही वरवर पाहता अगदी साधी गोष्ट आहे. तांदूळ घ्यावयाचा असेल तर आपण चार दाणे तळहातावर घेऊन पाहतो, कापड असेल तर बोटांनी चाचपतो, आंबा असेल तर हुंगतो. परंतु असाही एक माल बाजारात आला आहे, की घरी नेऊन वापरल्याखेरीज त्याचा गुण कळत नाही आणि दोषही कळत नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचे व्हिडिओ गेम हा तो माल होय. श्रोतेहो, हे खेळ विकणाऱ्या, आणि विशेषतः अनेक शहरांत शाखा असलेल्या दुकानांनी ग्राहकाची सेवा अधिक चांगली कशी करावी, याचा आज आपण थोडा विचार करू.

या विचाराला बंगळूर शहर सोयीचे आहे. संगणकाच्या व्यवसायामुळे देशाच्या सर्व भागांतून, महाराष्ट्रातूनही, तरुण मंडळी तेथे जाऊन राहिली. त्यांच्या संध्याकाळच्या विरंगुळ्यासाठी तेथे तीन प्रकारची दुकाने झाली. पहिला प्रकार गांधीनगरातील नॅशनल मार्केटसारख्या बाजारातील लहान गाळ्यांचा. अशा बाजारात घासाघीस चालते, दर उतरतो. मात्र पावती आणि हमी यांची चौकशी गिऱ्हाइकानेच करावयाची. दुसरा प्रकार मॉलमधील झगझगीत दुकानांचा; ‘गेम्स द शॉप’ ही केवळ व्हिडिओ खेळांना वाहिलेली साखळी या प्रकारातली. तिसरे दुकान मात्र रस्त्यावर दिसत नाही. ते खेळण्याच्या यंत्रातच असते. बटण दाबावे, पैसे भरावेत आणि खेळ इंटरनेटवरून घरी उतरवून घ्यावा. या दुकानाला गाळ्याचे भाडे नाही, नोकर नाहीत आणि दुपारची झोपही नाही! अशा प्रतिस्पर्ध्यापुढे विटामातीच्या दुकानाने टिकावे कशाच्या बळावर?

एका शब्दात उत्तर द्यावयाचे तर, विश्वासाच्या बळावर. अमेरिकेत १९८३ साली हा धंदा कोसळला, त्याची कारणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. कोणीही उठावे आणि खेळ काढावा असा सुकाळ झाला होता. दुकाने निकृष्ट मालाने भरली. चांगले कोणते आणि टाकाऊ कोणते, हे सांगणारा कोणी उरला नाही. फसलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकले नाही, आणि दोन वर्षांत तो बाजार जवळजवळ बसला. १९८५ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने तेथे पाऊल टाकले, ते आपल्या खेळांच्या खोक्यांवर पसंतीची मोहोर छापूनच. आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात ‘९९९९ खेळ एकत्र’ असे मिरवणाऱ्या कॅसेटी विकल्या जात. घरी येऊन लावल्या, की तेच थोडे खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. त्या पिढीला हा अनुभव विसरता आलेला नाही.

म्हणून दुकानाचे पहिले कर्तव्य हे, की खोक्यात काय आहे आणि काय नाही ते आधी सांगावे. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ हे यंत्र भारतात विक्रीस आले. तबकडी चालविणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि तबकडीची सोय नसलेल्याची ३९,९९० रुपये होती. दहा हजारांची बचत कोणाला नको? पण ज्याने स्वस्त यंत्र घेतले, त्याला जुना खेळ विकत घेण्याचा, मित्राकडून उसना आणण्याचा किंवा आपला खेळ विकण्याचा मार्ग बंद झाला. निन्टेंडोच्या २०२५ च्या यंत्रासाठी निघालेल्या काही कार्डांत तर खेळ नसतोच. खेळ उतरवून घेण्याची नुसती किल्ली असते. काही खेळ कंपनीच्या दूरस्थ संगणकाशी जोडल्याखेरीज सुरूच होत नाहीत. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला, तेव्हा ज्यांच्या कपाटात तबकडी होती त्यांनाही तो खेळता येईना. कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून कायदाच लागू झाला, की अशा विक्रीत ग्राहकाला मालकी नव्हे तर परवाना मिळतो, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगावे. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही माहिती मिळण्याचा हक्क आहे. दुकानाने कायद्याच्या धाकाची वाट न पाहता प्रत्येक खोक्याशेजारी एक साधी चिठ्ठी लावावी: इंटरनेट लागते की नाही, आणि तबकडी पुढे विकता येते की नाही.

दुसरे कर्तव्य सल्ल्याचे. बंगळूरच्या चर्च स्ट्रीटजवळ टी. एस. शानभाग यांचे प्रीमियर बुकशॉप होते. ते २००९ साली बंद झाले; शानभाग २०२१ मध्ये निवर्तले. छतापर्यंत रचलेल्या त्या ढिगाऱ्यांत कोणते पुस्तक कोठे आहे हे त्यांना ठाऊक असे. आणि कोणत्या वाचकाला काय रुचेल हेही ठाऊक असे. खेळांच्या दुकानात असा माणूस पाहिजे. नातवासाठी खेळ घ्यायला आलेल्या आजोबांना खोक्यावरील ‘१८’ हा आकडा किमतीचा नसून वयाचा आहे, हे त्याने सांगावे. आणि एखादा खेळ घेऊ नका, असे सांगण्याचे धैर्यही त्याच्या अंगी असावे.

तिसरे कर्तव्य परतफेडीचे. समजा, ५,००० रुपयांचा नवा खेळ दोन महिन्यांनी दुकानाने २,५०० ला परत घेतला आणि ३,५०० ला दुसऱ्यास विकला. पहिल्याचे निम्मे पैसे सुटले, दुसऱ्याला खेळ स्वस्त पडला, दुकानालाही हजार रुपये मिळाले. असे चार खेळ झाले, की महाग यंत्रावरचे ते दहा हजार वसूल! यंत्रातल्या अदृश्य दुकानाला हे करता येत नाही. मात्र परत घेण्याचा दर फळ्यावर लिहिलेला असावा. माणूस पाहून बदलणारा नसावा.

शेवटचा प्रश्न रांगेचा. १२ जानेवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ ची आगाऊ नोंदणी उघडली आणि काही मिनिटांत संपली. मागाहून तेच यंत्र चढ्या भावाने विकले जाऊ लागले. टंचाई दुकानाच्या हातची नसते. वाटप मात्र असते. किती नग आले ते जाहीर करावे, एका माणसास एकच द्यावा, क्रमांकाची यादी सर्वांना दिसेल अशी लावावी. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने आगाऊ मागणी गोळा करून एकत्र खरेदी आणि सरळ वाटप करण्याची रीत कित्येक वर्षे चालवून दाखविली आहे. जे धान्याला आणि साबणाला जमले, ते खेळांना का जमू नये?

कोणी म्हणेल, खेळण्यांसाठी एवढा विचार कशाला? पण पाच हजार रुपये ही अनेक घरांत महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम आहे, आणि ती मुलाच्या हट्टापायी खर्च होते तेव्हा फसवणूक अधिक झोंबते. माल आता घरबसल्या मिळतो. दुकानाकडे विकण्यासारखे उरले आहे ते खरे बोलणे, जाणता सल्ला आणि सरळ व्यवहार. ज्या दुकानात हे तीन जिन्नस मिळतील, तेथे गिऱ्हाईक वाट वाकडी करूनही येईल.