व्हिडिओवर मत मांडून घर चालतं का? आधी २४ हजारांचं गणित बघा

मांजरसुंबा : मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहून राजकारणावर व्हिडिओ करायला पैसे लागत नाहीत; त्यावर घर चालवणं मात्र अवघड. यूट्यूबच्या जाहिरातीत वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास बघणं झालं पाहिजे. म्हणजे १० मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघणारे २४ हजार जण! शॉर्ट्स फीडमधले तास यात धरत नाहीत. मग जाहिरातीचे ५५ टक्के आपले, तेही १०० डॉलर साठल्यावरच हाती.

खरी गोम पुढेच. जातीचे वाद, खून-मारामारी यावर बोललं की बघणारे वाढतात, पण अशा व्हिडिओवर कंपन्यांना आपली जाहिरात नको असते. कॅमेऱ्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. व्हिडिओपुढे डॉलरचं पिवळं चिन्ह दिसलं, की जाहिराती आखडल्या समजायचं. फेरतपासणी मागता येते.